चूल घरी, उकळी किनाऱ्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

विजयदुर्ग ते वेंगुर्ला हा किनारा सरळ मोजला तर सुमारे ८० किलोमीटर भरतो. देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, निवती असे मुक्काम करत समुद्री कयाकमधून, म्हणजे त्या लांब, निमुळत्या, एकट्याने वल्हवायच्या होडीतून, हा पल्ला पाच दिवसांत रमतगमत पार होतो. परवानग्या, लाइफ जॅकेट, सागरी पोलिसांना वर्दी, सोबत जाणकार माणूस हे सगळं आधी झालेलं आहे असं धरून चालू या. आज बोलायचं आहे ते पोटाविषयी. चार माणसं, पाच दिवस, आणि जवळ जे काही आहे ते होडीच्या पोटात मावलं पाहिजे.

तयारीला बसलं की पहिला प्रश्न निघतो, ‘काय काय करायचं?’ आणि मग पदार्थांची यादी लांबत जाते. माझं म्हणणं असं, की यादी नंतर. आधी विचारायचं, त्या दिवशी आपण कुठल्या वेळी कुठे असू आणि अंगात किती त्राण असेल? कोकणात हे बऱ्याच अंशी वारा आणि भरती ठरवतात. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, ते इथे जेवणाच्या ताटाशी येऊन भिडतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी जमिनीकडून हलका वारा असतो, पाणी बरंच शांत. दुपार व्हायला लागली की खारा वारा सुटतो, लाटांना फेस येतो. म्हणून वल्हवायचं ते उजाडल्यापासून साडेअकरा-बारापर्यंत. याचा अर्थ सकाळी स्वयंपाकाला वेळ नाही. दुपारी वेळ भरपूर, पण वारा असा, की स्टोची ज्योत आडवी होते आणि पातेल्यात वाळू पडते. वारा पडतो तो संध्याकाळी. तेव्हा दिवसातलं एकच गरम जेवण, ते पाच-साडेपाचला, उजेड आहे तोवर. बाकी सगळं थंड. एवढं कबूल केलं की निम्मं नियोजन झालं.

उजेडात आवरायचं म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं याच किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. वेंगुर्ल्याजवळचं वायंगणी, तिकडे वरच्या अंगाला मंडणगड तालुक्यातलं वेळास, ही नावं तुम्ही ऐकली असतील. रात्री किनाऱ्यावर जाळ आणि झगझगीत दिवे दिसले की मादी बिचकून परत फिरते. त्यामुळे शेकोटी नको, लाकडं गोळा करणं नको. लहान गॅस स्टो, तोही आडोशाला.

भरतीचा हिशेब तर आपल्या लोकांकडे तोंडी आहे. तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळी. पौर्णिमा-अमावास्येला ती दुपारकडे सरकते आणि पहाटे ओहोटी असते. गावागणिक वेळ मागेपुढे होते, म्हणून नेमकं पाहायचं ते भरती-ओहोटीच्या तक्त्यातच. पण अंदाज बांधायला तिथी पुरते. आता याचा खाण्याशी संबंध काय? ओहोटीच्या पहाटे पाणी लांब गेलेलं असतं. भरलेली कयाक त्या ओल्या वाळूवरून चार जणांनाही उचलवत नाही. आधी रिकामी होडी पाण्याकाठी न्यायची, मग सामानाच्या खेपा. त्यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. अशा दिवशी उठल्या उठल्या चहा आणि दोन घास पोटात हवेतच. त्यासाठी संध्याकाळी स्टो पेटलेला असतानाच जास्तीचं पाणी उकळून स्टीलच्या थर्मासमध्ये भरून ठेवायचं. पहाटे त्यात चहाची पूड, दूध पावडर, साखर. चहा काही फक्कड होत नाही, पण अंधारात स्टोशी झटापट करावी लागत नाही.

आता वजनाकडे येऊ. दिवसभर वल्हवणाऱ्या माणसाला ३,००० कॅलरी तरी लागतातच, धिप्पाड माणसाला त्याहून जास्त. कोरड्या शिध्यात माणशी रोजचं गणित मी असं मांडतो: पोहे, रवा, तांदूळ मिळून ३०० ग्रॅम, डाळ आणि पिठं १००, दाणे आणि सुकं खोबरं १२०, गूळ-खजूर १२०, तूप-तेल ४०, दूध पावडर ४०. एकूण ७२० ग्रॅम, आणि कॅलरी ३,००० च्या आसपास. चार माणसांचे पाच दिवस आणि वर एक राखीव दिवस धरला तर शिधा १७ किलोंच्या वर जातो. जड वाटतं ना? पण पाणी याच्या दुप्पट आहे. पिण्याला आणि रांधायला मिळून माणशी रोज चार लिटर म्हटलं तरी चौघांचे १६ लिटर, आणि दोन दिवसांचं जवळ ठेवायचं तर ३२ किलो. कोकण काही निर्मनुष्य नाही. किनाऱ्याला गाव लागतंच, गावात विहीर असते, नम्रपणे विचारलं तर पाण्याला कोणी नाही म्हणत नाही. तरी दोन दिवसांचं पाणी होडीत असावं. उन्हाने डोकं तापल्यावर विहीर शोधत फिरायची पाळी येऊ नये. घरून निघालेल्या पाण्यावर विश्वास, विहिरीचं मात्र उकळून किंवा पाण्याच्या फिल्टरमधून गाळून.

समुद्राचं पाणी अगदीच निरुपयोगी नाही. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. तीन वाट्या गोड्या पाण्यात एक वाटी समुद्राचं घातलं की भाताला मीठ टाकायला नको, थोडं पाणीही वाचतं. मात्र हे पाणी मोकळ्या समुद्रातलं हवं. खाडीच्या तोंडाशी, जेटीजवळ, मासळी उतरते त्या जागी चुकूनही भरू नका. मला विचाराल तर ही युक्ती अडीनडीला ठेवावी. भांड्यांना मात्र खुशाल खारं पाणी आणि वाळू वापरा, शेवटचा हात गोड्या पाण्याचा.

कयाकच्या पुढे-मागे सामानाचे कप्पे असतात, त्यांना हॅच म्हणतात. पुढच्या हॅचचं तोंड बहुतेक होड्यांमध्ये जेमतेम ताटलीएवढं. घरातले मोठे डबे तिथेच अडतात. म्हणून शिधा लांबट, मऊ पिशव्यांत. दाबून हवा काढून टाकायची, मग ती पिशवी वॉटरप्रूफ पिशवीत. एका दिवसाचं सगळं एका पिशवीत, वर मार्करने वार लिहिलेला. शेवटच्या दिवसाची पिशवी सगळ्यात आत. पाणी मधोमध, बसायच्या जागेच्या पाठीमागे, तळाशी, डाव्या-उजव्या बाजूला सारखं. वजन पुढे गेलं तर नाक पाण्यात खुपसतं, एका बाजूला गेलं तर दिवसभर कंबर ते ओझं सावरत राहते. आणि हो, कोकण रेल्वेने येणाऱ्यांसाठी: गॅसची डबी गाडीतून आणता येत नाही. ती सुटायच्या गावी आधी कोणाकडे तरी पोचती करून ठेवा.

आता पदार्थ. पहिले दोन दिवस दशम्यांचे. दुधात भिजवलेली कणीक, दोन्ही बाजूंनी नीट भाजलेली, पूर्ण गार झाल्यावर कोरड्या फडक्यात. वाफ धरलेली दशमी हॅचमध्ये दुसऱ्याच दिवशी बुरसते, तिथे हवा कोंदट असते. सोबत लसणाची किंवा तिळाची कोरडी चटणी. ओलं खोबरं घरीच राहू द्या, आणि म्हणून सोलकढीही. तिच्याऐवजी आगळ न्या. कोकमाचं खारवलेलं आगळ उन्हात टिकतं, आणि त्यात गूळ-पाणी घातलं की घामावाटे गेलेलं मीठही भरून निघतं. प्रत्येकाजवळ ओआरएसच्या दोन पुड्या तरीही असाव्यात.

तिसऱ्या दिवसापासून दुपारी दडपे पोहे. पातळ पोहे, चिरलेला कांदा, लिंबू, दाणे, मेतकूट, थोडं पाणी शिंपडून दहा मिनिटं झाकायचं. कांदा, लिंबू, देठ काढून कोरड्या कागदात बांधलेल्या मिरच्या पाचही दिवस टिकतात. मटकी संध्याकाळी भिजवून सकाळी फडक्यात बांधून हॅचमध्ये टाकली की तिथल्या उबेत दुसऱ्या सकाळपर्यंत मोड डोकावतात. चौथ्या दिवशी काहीतरी करकरीत दाताखाली येणं ही चैन असते, ती तिथे गेल्याशिवाय कळायची नाही.

होडीत बसून खायचं ते वेगळं. तिथे हात ओले, खारट, आणि वल्हं सोडता येत नाही. एका हाताने उघडेल, एका घासात संपेल असंच हवं. चिक्की दमट हवेत चिकटते, राजगिऱ्याची वडी चुरते. खजूर आणि दाण्याचं कूट मळून बोटाएवढे तुकडे, प्रत्येक वेगळा बटर पेपरमध्ये, लाइफ जॅकेटच्या खिशात. भूक लागायची वाट न पाहता तासातून एकदा एक तुकडा आणि चार घोट पाणी. भूक जाणवेपर्यंत हात जड झालेले असतात.

आणि संध्याकाळची कुळथाची पिठी. हिच्यासारखं प्रवासाचं जेवण कोकणाने दुसरं दिलेलं नाही असं माझं ठाम मत आहे. मुगाची खिचडी छानच, पण ती शिजायला गॅस खाते. तीही करायची तर डाळ-तांदूळ दुपारीच भिजत घाला, एक दणदणीत उकळी आली की पातेलं टॉवेलात गुंडाळून अर्धा तास मुरू द्या. पिठीला तेवढंही नको. घरी तेलात लसणाचे काप कडक, तांबूस होईपर्यंत तळायचे, त्यातच मोहरी, हिंग, मिरची. गार झालं की ते सगळं तेलासकट कुळथाच्या पिठात चोळायचं, मीठ आणि दोन आमसुलं घालायची आणि पिशवी बंद. किनाऱ्यावर माणशी दोन भरघोस चमचे पीठ, दीड कप पाणी. पीठ आधी गार पाण्यात कालवा, थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर गुठळ्या झाल्याच समजा. ढवळत पाच-सात मिनिटं. फोडणीचा वास सुटतो तेव्हा आजूबाजूची कुत्रीही येऊन बसतात. पिठीसोबत भात, वर तूप.

घरी चूल पेटवायची आणि किनाऱ्यावर फक्त पाणी उकळायचं म्हणतो ते हेच. गॅसची २३० ग्रॅमची एक डबी आडोशाला दहाएक लिटर पाणी उकळते. चौघांना पाच दिवसांत दोन पुरतात, तिसरी राखीव. किनाऱ्यावर भाजी चिरणं, परतणं, वाटणं सुरू केलंत की गॅसही संपतो आणि माणसंही.

मासळीचं काय, असं कोणीतरी विचारणारच. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसली तर होड्या वर घ्या, दोरीला हात लावा. ओढायला मदत करणाऱ्याला वाटा द्यायची रीत अजून आहे. ताजा बांगडा मीठ-हळद लावून तव्यावर टाकला तर त्या संध्याकाळी पिठीकडे कोणी बघणार नाही. पण मासळी हिशेबात धरू नका. मिळाली तर त्या दिवसाची पिशवी पुढे ढकला.

राखीव दिवसाची पिशवी मात्र उघडायची नाही. समुद्र खवळला आणि एखाद्या गावी अडकून पडायला झालं, तर तीच कामाला येते. तिच्यात वेळखाऊ पदार्थही चालतील, डाळ-तांदूळ, रवा, गूळ, कारण त्या दिवशी वेळच वेळ असतो. शेवटच्या दिवशी वेंगुर्ल्याला उतरलो की खानावळीत ताट मिळेल या भरवशावर दुपारचं जेवण गाळू नका. होड्या वर घेऊन, धुऊन, सामान सुकवून बाजारात पोचेपर्यंत तीन वाजतात, आणि तोवर बऱ्याच खानावळींत जेवण संपलेलं असतं. दडप्या पोह्यांची एक पिशवी वरच ठेवा.

नमस्कार.