चार्जरचा पाय आणि पेटंटचा दावा

(कोल्हापुरात लघुउद्योजक आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पेटंट कायद्यातली कलमं एकामागून एक वाचून दाखवली, तर शिरोलीतल्या किंवा गोकुळ शिरगावातल्या कारखानदाराच्या हाती फार काही लागत नाही. म्हणून आज एकच वस्तू घेतो आणि तिचा अर्ज परीक्षकाच्या टेबलावर गेल्यावर काय घडतं ते बघू. वस्तू मी उदाहरणासाठी रचली आहे, पण या जातीचे अर्ज जगभर होत असतात.

सॉकेटमध्ये थेट बसणारा मोबाइलचा चार्जर. त्याच्या बॉडीत एक ट्रे दडवलेला आहे. बोटानं ओढला की ट्रे बाहेर येतो, त्यावर फोन ठेवायचा, काम झालं की ट्रे आत सारायचा. आपल्याकडे सॉकेट भिंतीवर छातीएवढ्या उंचीला असतं, जवळ टेबल नसतं आणि फोन वायरीला लोंबकळत राहतो. त्यामुळे गरज खरी आहे.

आता यातली अडचण बघा. फोन २०० ग्रॅमचा धरू. तो ट्रेवर ठेवला की त्याचा भार भिंतीपासून साधारण ६ सेंटिमीटर पुढे पडतो. चार्जरच्या बॉडीची खालची कड पिनांच्या २ सेंटिमीटर खाली प्लेटला टेकलेली असते. चार्जर त्या कडेभोवती पुढे झुकायला बघतो आणि पिना सॉकेटमधून बाहेर ओढल्या जातात. हिशेब सोपा आहे: २०० गुणिले ६ भागिले २, म्हणजे पिनांवर ६०० ग्रॅमची ओढ. चार्जरचं स्वतःचं वजन यात धरलेलंच नाही. त्यात आपल्याकडच्या अनेक चार्जरच्या पिना ४ मिलिमीटरच्या आसपास, आणि ६ अँपिअरचं सॉकेट ५ मिलिमीटरच्या जाड पिनांसाठी केलेलं. पकड मुळातच ढिली. पिन सैल झाली की संपर्क अर्धवट होतो, ठिणगी उडते, प्लास्टिक तापून पिवळं पडतं. हे तुम्ही सगळ्यांनी घरी पाहिलेलं आहे.

आपल्या संशोधकानं यावर उपाय काढला. ट्रे बाहेर ओढला की आतल्या छोट्या दंतचक्रामुळे मागच्या बाजूनं एक पाय खाली उतरतो आणि पिनांच्या ६ सेंटिमीटर खाली प्लेटवर टेकतो. आता २०० गुणिले ६ भागिले ६. ओढ २०० ग्रॅमवर आली, म्हणजे एक तृतीयांश. ट्रे आत सारला की पायही मिटतो. मला ही कल्पना मनापासून आवडते, कारण तिच्यात भार आणि आधार एकाच हालचालीत येतात. फोन ठेवायची सोय केली की तो सांभाळायची सोय आपोआप होते.

पण अर्जात काय लिहून जातं? दावा म्हणजे हक्क नेमका कशावर मागतोय ते सांगणारं वाक्य, आणि पहिला दावा असा असतो: ‘पिना असलेली बॉडी आणि त्या बॉडीतून बाहेर सरकणारा आधार असलेलं, सॉकेटमध्ये बसणारं विद्युत उपकरण.’ एवढंच! पाय कुठंतरी वर्णनाच्या मधल्या परिच्छेदात असतो. लिहिणाऱ्याला वाटतं, दावा जितका मोठा तितका फायदा जास्त.

असा अर्ज परीक्षकाकडे जातो. आपल्या महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात, अँटॉप हिलला दाखल होतात. परीक्षक आधी वर्गीकरण बघतो. विजेच्या जोडण्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘एच०१आर’ या गटात येतात. त्यात जोडणीचे भाग एकमेकांत धरून ठेवण्याचे उपाय वेगळे आणि ते भिंतीवर किंवा दुसऱ्या वस्तूवर बसवण्याचे उपाय वेगळे, असे उपगट आहेत. त्यांत तो शोध घेतो, आणि हा शोध भारतापुरता नसतो. कलम १३ प्रमाणे जगात कुठंही आधी प्रसिद्ध झालेला कागद तुमच्या विरोधात चालतो. अमेरिकेतल्या चपट्या पात्यांच्या सॉकेटसाठी कुणी असं काही आधीच लिहून ठेवलेलं असेल, तर ती वस्तू इथल्या बाजारात कधी आली नसली तरी तो कागद मोजला जातो. ‘साहेब, लक्ष्मीपुरीत कुठल्याच दुकानात असलं मिळत नाही’ हे उत्तर परीक्षकापुढे टिकत नाही.

मग येतो पहिला परीक्षण अहवाल, ज्याला सगळे एफईआर म्हणतात. त्यात आधी प्रसिद्ध झालेली, तुमच्या विरोधात जाणारी कागदपत्रं डी-१, डी-२ अशा नावांनी दिलेली असतात. समजा डी-१ मध्ये फोनसाठी पक्की फळी असलेला चार्जर आहे आणि डी-२ मध्ये दुसऱ्याच एका घरगुती उपकरणाचा सरकता आधार. नावीन्य पाडायचं तर दाव्यातली सगळी अंगं एकाच कागदात सापडावी लागतात. इथं ती सापडत नाहीत, म्हणून दावा नवा ठरतो. शोधाची पायरी, म्हणजे इन्व्हेंटिव्ह स्टेप, तपासताना मात्र परीक्षक दोन कागद जोडून वाचू शकतो. तो विचारतो, डी-१ हातात असलेल्या जाणत्या कारागिराला डी-२ मधला सरकता आधार तिथं बसवणं सुचलं नसतं का? सुचलं असतं. शिवाय तो कलम ३(एफ) लावतो: माहीत असलेल्या वस्तूंची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी, जिथं प्रत्येक वस्तू आपलं काम स्वतंत्रपणे, नेहमीच्याच रीतीनं करते, ती कायद्याच्या दृष्टीनं शोध नाही. चार्जर चार्ज करतो, ट्रे फोन धरतो, दोघांचा एकमेकांशी संबंध काय?

इथं बरेच जण खचतात. वर्षभर खपून केलेलं काम कुणीतरी दोन कागद जोडून मोडीत काढलं असं वाटतं. ते वाटणं मी समजू शकतो. पण परीक्षकानं तुमची वस्तू पाहिलेलीच नाही, त्यानं तुमचं वाक्य पाहिलं आहे. गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर तुमच्या कास्टिंगला गेज लावतो तेव्हा भट्टीवर किती रात्री जागलात हे विचारत नाही. तसंच हे आहे, फक्त इथं गेज लागतं ते दाव्याच्या शब्दांना. आणि त्या वाक्यात तुमचा पाय नव्हता.

शोधाच्या पायरीच्या या कसोटीवरचा आपल्याकडचा गाजलेला निकाल आपल्यासारख्याच कामातून आला आहे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्याचा निकाल दिला. वाद होता लेथवर भांडी पकडायच्या साधनाचा. उपयोगाची वस्तू होती, कारागिरांच्या कामाची होती. तरीही पेटंट टिकलं नाही. न्यायालयानं म्हटलं की वर्कशॉपमध्ये सहज होणारी सुधारणा पुरेशी नाही, तिच्यात शोधाची पायरी स्वतंत्रपणे दिसली पाहिजे. उद्यमनगरात लेथवर उभं राहिलेल्या प्रत्येकानं तो निकाल एकदा तरी समजून घ्यावा असं मला वाटतं. पुढे २००७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या खटल्यात जवळपास तोच धागा धरला. तिथं मागे-पुढे करता येणाऱ्या अ‍ॅक्सिलरेटर पॅडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर जोडलेला होता. ओळखीचे भाग ओळखीच्या रीतीनं जोडून अपेक्षित तेच मिळालं, म्हणून तो दावा पडला.

आता आपल्या चार्जरकडे परत या. उत्तर देताना दावा असा बदलता येतो: ‘आधार आणि पाय एका यंत्रणेनं असे जोडलेले आहेत की आधार बाहेर आला की पाय पिनांच्या खाली उतरून सॉकेटभोवतीच्या पृष्ठभागावर टेकतो, आणि आधार आत गेला की पाय मिटतो.’ डी-१ मध्ये पाय नाही, डी-२ मध्ये पिनाच नाहीत. ३(एफ) चा आक्षेपही ढिला पडतो, कारण ट्रे आणि पाय आता स्वतंत्र राहिले नाहीत. शिवाय ६०० वरून २०० हा हिशेब मांडला की तांत्रिक प्रगती आकड्यानं दिसते. परीक्षकाला विशेषणं नकोत, असा आकडा द्या.

पण हे उत्तर द्यायला मिळेल की नाही, ते अर्ज भरला त्याच दिवशी ठरलेलं असतं. कलम ५९ सांगतं की मूळ तपशिलात जे नव्हतं ते दुरुस्तीच्या नावाखाली घुसवता येत नाही, आणि दावा मूळच्यापेक्षा रुंदही करता येत नाही. पाय वर्णनात होता म्हणून तो दाव्यात आणता आला. तो नुसता चित्रात पुसट दिसत असता आणि त्याचं काम कुठंच लिहिलेलं नसतं, तर खूप झगडावं लागलं असतं. अजिबात नसता तर संपलंच.

म्हणून अर्जाआधी बसून लिहा. मराठीत लिहा, तुमच्या भाषेत सगळं येऊ द्या. अर्ज हिंदी किंवा इंग्रजीतच द्यावा लागतो, ते काम पुढे पेटंट एजंट करेल. पाय दंतचक्रानं उतरतो, पण तो तरफेनं किंवा स्प्रिंगनंही उतरला असता, हे लिहा. जुन्या घरांत लाकडी बोर्ड भिंतीच्या बाहेर आलेला असतो आणि सॉकेट बोर्डाच्या खालच्या कडेला असतं. तिथं पाय प्लेटवर न टेकता मागे भिंतीपर्यंत गेला पाहिजे. ही अडचण सुटली असेल तर कशी सुटली ते लिहा. पहिल्या नमुन्यात काय फसलं तेही लिहून ठेवा, कारण जे सहज सुचलं नाही त्याचा पुरावा बहुतेक वेळा फसलेल्या नमुन्यांतच असतो. आणि एजंटनं लिहिलेला मसुदा स्वतः वाचा. त्यात आपली वस्तू ओळखू येत नसेल तर सही करू नका.

वेळा आणि पैसे पटकन सांगतो. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज केला तर १२ महिन्यांत कम्प्लीट, म्हणजे पूर्ण तपशिलाचा अर्ज द्यायचा. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. परीक्षणाची मागणी वेगळी करावी लागते. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना त्यासाठी ३१ महिने आहेत. एफईआर आल्यावर उत्तराला ६ महिने, फी भरून आणखी ३. ही मुदत चुकली तर अर्ज सोडून दिला असं धरतात. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असाल तर ऑनलाइन अर्जाला १,६०० रुपये आणि परीक्षणाला ४,००० रुपये सरकारी फी आहे. दावे १० च्या वर किंवा पानं ३० च्या वर गेली तर जादा पैसे. लघुउद्योगांना, स्टार्टअपना आणि महिला अर्जदारांना लवकर परीक्षण मागता येतं. नुसता आकारच नवा असेल, आतली यंत्रणा नेहमीचीच असेल, तर पेटंटच्या मागे न लागता डिझाइनची नोंदणी करा.

अर्ज करण्याआधी शोध स्वतः घ्या. भारताचं ‘इनपास’ आणि युरोपीय पेटंट कार्यालयाचं ‘एस्पासनेट’, दोन्ही फुकट आहेत. नुसती मंजूर पेटंटं बघून थांबू नका. आपल्या जवळच्या विषयातल्या दुसऱ्या अर्जाचा एफईआर आणि त्याला दिलेलं उत्तरही वाचता येतं. परीक्षक काय विचारतो आणि कुठलं उत्तर त्याला पटतं, हे शिकायला याहून चांगली जागा नाही.

उरलेल्या वेळात प्रश्न घेऊ. अर्ज प्रसिद्ध झाल्याशिवाय परीक्षण होत नाही, तेव्हा ज्यांच्या हातात एफईआर आला आहे त्यांनी तो घेऊन पुढे यावं. पहिला आक्षेप आपण इथंच, सगळ्यांसमोर वाचू. पण ज्यांनी अजून अर्जच केलेला नाही, त्यांनी वस्तू पिशवीतच ठेवावी. इथं दाखवलेली वस्तूही उद्या तुमच्याच विरोधात डी-१ होऊ शकते. कारखान्यांच्या प्रदर्शनात किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर दाखवलीत तरी तसंच. सरकारनं अधिसूचना काढलेल्या प्रदर्शनांपुरती कायद्यात सवलत आहे, आणि आजची ही सभा त्यात बसत नाही.