एका डिशवरून आभाळ कळत नाही

(अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि प्राध्यापक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, उपग्रह इंटरनेट गावोगावी पोहोचलं तर काय होईल, यावर सध्या खूप बोललं जातंय. ते मोजायचं कसं, यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही, म्हणून मी आज तोच विषय घेतला आहे. हे मोजमाप एकेका प्रयोगशाळेच्या आवाक्यातलं नाही, त्यासाठी सामायिक टेस्टबेड, म्हणजे अनेक संस्थांनी मिळून ठिकठिकाणी उभारलेलं चाचणीचं जाळं, हवा आणि त्यात आपली महाविद्यालयं पहिल्या दिवसापासून असायला हवीत, असं माझं ठाम मत आहे.

आधी अंतराचं गणित बघू. भूस्थिर उपग्रह, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी थांबल्यासारखा दिसणारा, ३५,७८६ किलोमीटरवर असतो. तुमची विनंती वर जाते, खाली येते, मग उत्तर वर जातं आणि खाली येतं. प्रकाशाच्या वेगानेही या चार खेपांना जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. स्टारलिंक या उपग्रह इंटरनेट सेवेसारखे उपग्रह फिरतात सुमारे ५५० किलोमीटरवर, त्यामुळे तिथे याच चार खेपा सात-आठ मिलिसेकंदांत होतात. प्रत्यक्षात ग्राहकाला यापेक्षा कितीतरी जास्त विलंब दिसतो, आणि तो कशामुळे हे शोधण्यातच आमचं निम्मं संशोधन जातं. शिवाय खालचा उपग्रह एका जागी थांबत नाही. तो साधारण ९५ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतो आणि तुमच्या डिशच्या नजरेत जेमतेम काही मिनिटं राहतो. म्हणजे या नेटवर्कमधला टॉवरच सतत पळत असतो.

आता एक गोष्ट जवळून बघा. स्टारलिंकच्या डिशला एक छोटा संगणक जोडा, दर काही मिलिसेकंदांनी एक पिंग, म्हणजे जाऊन परत येणारा छोटा संदेश, पाठवत राहा आणि त्याला लागलेल्या वेळाचा आलेख काढा. रेषा काही वेळ एका पातळीवर राहते, मग झटकन दुसऱ्या पातळीवर जाते. या उड्या कधी पडतात? प्रत्येक मिनिटाच्या १२व्या, २७व्या, ४२व्या आणि ५७व्या सेकंदाला. वेगवेगळ्या देशांतल्या संशोधकांना ठिकठिकाणी हेच सेकंद सापडले. याचा अर्थ कुठल्या डिशने कुठल्या उपग्रहाशी बोलायचं याचं वाटप दर १५ सेकंदांनी सगळीकडे एकाच वेळी नव्याने होतं. कंपनीने हे आधी सांगितलं नव्हतं. लांब लांब असलेल्या डिशांची घड्याळं जुळवून मोजलं, म्हणून ते उघड झालं. एकाच गच्चीवर बसून मोजणाऱ्याला आपल्याच जोडणीत काहीतरी बिघाड आहे असं वाटलं असतं.

या उड्यांचे परिणाम नेटवर्कच्या वरच्या थरांपर्यंत जातात. आपला रोजचा टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर माहिती किती वेगाने पाठवायची हे ठरवणारा नियमसंच, वर्षानुवर्षं असं मानत आला आहे की पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) हरवलं म्हणजे वाटेत गर्दी झाली, आता वेग कमी करा. इथे पॅकेट हरवतं ते बऱ्याचदा उपग्रह बदलताना. गर्दी नसतानाही टीसीपी बिचकतो आणि वेग उगाच खाली आणतो. यावर नवी अल्गोरिदम सुचवणारे तरुण आपल्याकडे आहेत, पण ती तपासायची कुठे? सिम्युलेटर, म्हणजे नेटवर्कची संगणकावर नक्कल करणारे प्रोग्रॅम, आहेत. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातून २०२० साली आलेला ‘हायपेशिया’ हा त्यातला उत्तम नमुना, विद्यार्थ्यांनी तो जरूर वापरावा. कक्षा आणि अंतरं सिम्युलेटर बरोबर मांडतो. पण कंपनीचा शेड्यूलर, म्हणजे उपग्रहांचं वाटप करणारा प्रोग्रॅम, कुठल्या क्षणी कुठला उपग्रह निवडेल, संध्याकाळी ग्राहक वाढल्यावर काय होईल, हे त्याला कुठून कळणार?

बरं, एक डिश विकत घेतली की झालं, असंही नाही. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा नाही. फक्त कुलाब्याची नोंद हाती असती तर मुंबई बुडाली हे कागदावरून कुणाला पटलं असतं? उपग्रह इंटरनेटचं अगदी असंच आहे, एका जागचं मोजमाप दुसऱ्या जागेबद्दल काही सांगत नाही.

आपल्याकडे तर हा फरक फारच महत्त्वाचा. स्टारलिंकचे बरेचसे उपग्रह सुमारे ५३ अंश कललेल्या कक्षांत आहेत, त्यामुळे त्यांची दाटी होते ती लंडनच्या आसपासच्या अक्षांशांवर. पुणं साडेअठरा अंशांवर. आपल्या डोक्यावर ते बरेच विरळ. म्हणजे युरोपातले आकडे उचलून इथे लावले की सुरुवातच चुकली. दुसरं, पाऊस. डिश ज्या केयू बँडवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या ज्या पट्ट्यात, चालते त्यातले संकेत मुसळधार पावसात क्षीण होतात. बेल्जियमच्या रिमझिमीत मोजलेल्या आकड्यांवरून रत्नागिरीच्या जुलैचा अंदाज बांधणं मला तरी मान्य नाही. तिसरं, गेटवे, म्हणजे उपग्रहावरचा ट्रॅफिक जमिनीवरच्या इंटरनेटला जिथे जोडला जातो ते केंद्र. मोझांबिकमधल्या ग्राहकांचा ट्रॅफिक उपग्रहांमधल्या लेझर दुव्यांवरून थेट फ्रँकफर्टला उतरत असल्याचं संशोधकांनी दाखवलं. शेजारच्या शहरातला सर्व्हर गाठायला जर्मनीची वारी. स्टारलिंकला भारतात जून २०२५ मध्ये दूरसंचार खात्याचा परवाना मिळाला, नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव अशा जिल्ह्यांसाठी कंपनीशी इरादापत्र केलं. या जिल्ह्यांतल्या शाळेला किंवा आरोग्य केंद्राला प्रत्यक्षात काय मिळतंय, हे कंपनीच्या माहितीपत्रकावरून ठरू नये. ते आपण स्वतः, उघडपणे मोजलेलं असावं. हे मला मनापासून वाटतं.

सामायिक म्हणजे नेमकं कसं? याला पूर्वज आहे, २००२ साली सुरू झालेलं प्लॅनेटलॅब हे संशोधकांचं सामायिक संगणक-जाळं. संस्थेने आपली दोन यंत्रं द्यायची आणि बदल्यात जगभरची शेकडो वापरायची. २०२० मध्ये ते बंद झालं, पण तोवर वितरित प्रणालींच्या (अनेक ठिकाणच्या संगणकांनी मिळून चालणाऱ्या प्रणालींच्या) संशोधकांची अख्खी पिढी त्यावर घडली. त्याचा एक त्रासही सगळ्यांना माहीत होता: परिषदेचे निबंध पाठवायची तारीख जवळ आली की यंत्रं कामाने गुदमरायची. डिशच्या बाबतीत हे जास्त घातक. एका डिशवर दोघांनी एकदम वेग मोजला तर दोघांचेही आकडे वाया. म्हणून वेळेचं वाटप हवं. त्याचा नमुना तर आपल्या दारात आहे. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर जगभरचे खगोलशास्त्रज्ञ प्रस्ताव पाठवतात, समिती वेळ देते, ठरावीक मुदतीनंतर निरीक्षणं सर्वांना खुली होतात. ही शिस्त जशीच्या तशी उचलावी.

यंत्रसामग्री त्या मानाने सोपी. डिश, छोटा संगणक, नीट जुळवलेलं घड्याळ. सामान्य ग्राहकाला सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे इंटरनेटवर बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता, मिळत नाही, त्यामुळे बाहेरून नोडपर्यंत, म्हणजे टेस्टबेडच्या एकेका डिश-संगणकापर्यंत, पोहोचता येत नाही. नोडनेच मुख्य सर्व्हरकडे बोगदा, म्हणजे कायम चालू असलेली सुरक्षित जोडणी, उघडून ठेवायचा. आणि प्रत्येक नोडवर वीज गेल्याची वेगळी नोंद हवीच. नाहीतर महावितरणचं भारनियमन उपग्रहाच्या खात्यावर जमा होईल.

अवघड आहे तो विश्वास. ज्यांच्या गच्चीवर किंवा शाळेत डिश बसेल, त्यांच्या स्वतःच्या वापराला पहिला हक्क. ते ऑनलाइन आले की प्रयोग आपोआप थांबला पाहिजे. त्यांच्या ट्रॅफिकमध्ये कुणी डोकावायचं नाही. जे मोजायचं ते आपण पाठवलेल्या पॅकेटवरच. हे मराठीत, एका पानावर, सही करण्याआधी त्यांना वाचून दाखवावं. विजेचं आणि डिशचं मासिक बिल कोण भरणार, तेही त्याच पानावर असावं. डिश आणि तिच्या राउटरला मिळून चोवीस तास साधारण ५० ते ७५ वॅट लागतात, म्हणजे महिन्याला चाळीस-पन्नास युनिट. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या बिलात ही रक्कम लपत नाही, आणि ती शाळेवर टाकायला माझा विरोध आहे.