पाटेश्वर : देगावच्या डोंगरावरील पिंडींचे कोडे

सातारा शहराच्या आग्नेयेस, देगावमागच्या डोंगरावर पाटेश्वराचे स्थान आहे. पायऱ्यांची वाट चढून गेले की झाडीत एक पुष्करणी दिसते, पुढे मंदिराचे आवार लागते, आणि त्यानंतर जिकडे नजर जाईल तिकडे महादेवाच्या पिंडी दिसू लागतात. काही कोनाड्यांत आहेत, काही कातळात खोदलेल्या दालनांत, काही उघड्यावर. शंकराचे देऊळ आणि त्यापुढे नंदी ही आपल्या ओळखीची मांडणी असल्यामुळे, एकाच डोंगरावर इतक्या पिंडी आणि त्याही एकमेकींहून इतक्या वेगळ्या कशासाठी घडवल्या असतील, हा प्रश्न येथे येणाऱ्या प्रत्येकाला पडतो.

मुख्य मंदिराचे आजचे रूप मराठेशाहीतील देगावचे सावकार परशुराम नारायण अनगळ यांच्या नावाशी जोडलेले आहे. देवळापुरते उत्तर तेथे मिळते. कोडे आहे ते भोवतालच्या कोरीव कामाचे. वऱ्हाडघर, मरगळ म्हैस, बळीभद्र ही येथील दालनांची आणि देवळांची नावे लोकांच्या तोंडी रुळलेली आहेत. मात्र ज्यांनी हे काम करवून घेतले त्यांनी आपले नाव वा हेतू सांगणारा लेख मागे ठेवलेला नाही. त्यामुळे जे काही समजून घ्यायचे ते दगडाकडे पाहूनच घ्यावे लागते.

म्हणून एका पिंडीजवळ थोडे थांबू. नेहमीच्या पिंडीत एक शाळुंका, म्हणजे खालचे पन्हळ असलेले पीठ, आणि तिच्या मध्यभागी एक बाण, म्हणजे उभे लिंग, असतो. येथे एकाच शाळुंकेवर लहान लहान बाणांच्या ओळी कोरलेल्या आढळतात. अभिषेकाचे पाणी या सर्वांवरून वाहत जाऊन एकाच पन्हळीतून बाहेर पडावे, अशी ती रचना आहे. दुसऱ्या एका पिंडीच्या बाणावर चार दिशांना चार मुखे आहेत. काही पिंडी मुठीत मावतील एवढ्या, तर काहींना कवेत घ्यावे लागेल. एवढे वैविध्य केवळ कारागिराच्या हौसेतून येत नाही; एकाच देवतेची वेगवेगळी रूपे ठरवून, शास्त्र समोर ठेवून येथे घडवलेली आहेत, असे मानण्यास बराच आधार आहे.

या तर्काला बळ देणारे शिल्प म्हणजे अग्निवृष. मागून बैल आणि पुढून दाढीधारी पुरुष अशी ही विलक्षण मूर्ती आहे. तिचे मूळ ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातील ५८ व्या सूक्तात सापडते. चार शिंगे, तीन पाय, दोन मस्तके आणि सात हात असलेला, तीन ठिकाणी बांधलेला वृषभ डरकाळी फोडतो आहे, असे त्या सूक्ताची तिसरी ऋचा सांगते. ही ऋचा मुळातच कूट आहे. यास्कांनी निरुक्त या वैदिक शब्दांचा अर्थ उलगडणाऱ्या ग्रंथात तिचा अर्थ यज्ञाकडे नेला : चार शिंगे म्हणजे चार वेद, तीन पाय म्हणजे सोमयागातील तीन सवने (सोमरस काढण्याच्या तीन वेळा), सात हात म्हणजे सात छंद. पतंजलींनी महाभाष्य या व्याकरणग्रंथात तोच वृषभ शब्दरूप मानला आणि सात हातांच्या जागी सात विभक्ती पाहिल्या. ज्या ऋचेवर विद्वानांनी शतकानुशतके विचार केला, ती सातारच्या डोंगरावर काळ्या दगडात उतरवणाऱ्यामागे वेद जाणणारा कोणीतरी निश्चितच उभा होता.

त्यामुळे पाटेश्वर हे केवळ दर्शनाचे ठिकाण नसावे, तर शैव साधकांच्या निवासाचे आणि अध्ययनाचेही असावे, हे मत मला सर्वांत पटते. गावापासून अलग असलेला डोंगर, बसण्याजोगी दालने आणि जवळच पाणी ही त्या जीवनाची गरजच होती. सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे. सच्छिद्र थरांत मुरलेले पावसाचे पाणी खालच्या घट्ट थरावर अडते आणि डोंगराच्या अंगातून झिरपत राहते. अशा जागा हेरूनच सह्याद्रीत लेणी आणि टाकी खोदली गेली. गूढ शक्तींच्या ज्या कथा अशा स्थळांभोवती जमतात, त्यांपेक्षा या माणसांची दगडाची आणि पाण्याची जाण मला कितीतरी अधिक थक्क करणारी वाटते.

कोरीव लेख नसलेल्या स्थळी प्रत्येक पिंडीची जागा हाच पुरावा असतो. कोणती पिंड कोणत्या दालनात, कोणत्या दिशेला, कोणत्या पिंडीशेजारी आहे, यावरूनच पूजेचा क्रम आणि घडवणाऱ्यांचा संप्रदाय यांचा माग काढता येईल. भक्तिभावाने का होईना, एखादी सुटी पिंड उचलून दुसरीकडे मांडली किंवा झिजलेल्या कोरीव कामावर ऑइलपेंट फासला, तर तो माग तेथेच तुटतो. प्रत्येक पिंडीला क्रमांक देऊन तिचे मोजमाप, छायाचित्र आणि नकाशावरील नेमकी जागा नोंदवणे हे सातारच्या अभ्यासकांनी आणि देगावच्या ग्रामस्थांनी मिळून करण्याजोगे काम आहे, आणि ते उन्हाळ्यात, डोंगरावरचे गवत वाळलेले असताना हाती घेणे सोयीचे ठरेल.