डीव्हीआर गेला तरी चित्रण राहिलं पाहिजे

नमस्कार मंडळी. आत येताना दाराच्या चौकटीवर एक छोटा पांढरा कॅमेरा तुम्हाला दिसला असेल. तो मी दुपारी लावलाय आणि तो चालू आहे. त्याचं चित्रण व्याख्यान संपल्यावर पुसून टाकणार आहे. हे आधीच सांगतो, कारण आपलं चित्रण होतंय हे माणसाला ठाऊक असायला हवं. त्या कॅमेऱ्याकडे शेवटी परत येऊ.

‘चोरट्यांनी जाताना सीसीटीव्हीचा डीव्हीआरही लंपास केला.’ हे वाक्य पेपरात तुम्ही कितीदा तरी वाचलं असेल. डीव्हीआर म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा. आमच्या भागातल्या एका पतसंस्थेत हेच घडलं. आठ कॅमेरे होते, सगळे चालू होते. डीव्हीआर मॅनेजरांच्या टेबलाखाली. चोरांना तो शोधावाही लागला नाही, कारण सगळ्या वायरी तिकडेच जात होत्या. सकाळी मी पोचलो तेव्हा टेबलाखालच्या धुळीत एक स्वच्छ चौकोन होता आणि त्यावर आठ वायरी लोंबत होत्या. मॅनेजर मला म्हणाले, “अहो, पण मोबाइलवर दिसायचं की सगळं!”

मोबाइलवर दिसणं आणि क्लाउडवर साठणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲप उघडलं की ते बहुतेक वेळा तुमच्याच टेबलाखालच्या डीव्हीआरकडून चित्र मागवतं. डीव्हीआर गेला की ॲपमध्ये काळी चौकट उरते. क्लाउडवर साठवायचं म्हणजे चित्रणाची प्रत घडता घडता इमारतीबाहेर, दूरच्या डेटा सेंटरमधल्या डिस्कवर जाऊन पडली पाहिजे. त्या पतसंस्थेत नंतर आम्ही आयपी कॅमेरे, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कवर चालणारे कॅमेरे बसवले आणि ते क्लाउडला जोडले. ते कसं केलं, तेच आज सांगतो.

ॲक्सिस या स्वीडिश कंपनीने १९९६ साली पहिला नेटवर्क कॅमेरा विकायला आणला. पुढे प्रत्येक कंपनीची बोली वेगळी झाली. मग २००८ साली ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून ऑनव्हिफ ही सामायिक बोली सुरू केली. कॅमेरा घेताना खोक्यावर ऑनव्हिफ आहे ना, एवढं नक्की बघा. प्रत्यक्ष चित्र मिळतं ते आरटीएसपी या पद्धतीने, सहसा ५५४ क्रमांकाच्या पोर्टवर. पोर्ट म्हणजे यंत्राचं क्रमांक दिलेलं दार. एका ओळीच्या पत्त्यात वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड, कॅमेऱ्याचा आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, आणि कोणती स्ट्रीम म्हणजे चित्राचा प्रवाह हवा ते लिहायचं, की चित्र सुरू होतं.

इथे फिटर मंडळींचा अर्धा दिवस जातो तो एका अक्षरापायी. पासवर्ड मजबूत हवा म्हणून त्यात ‘@’ घालतात. आरटीएसपीच्या पत्त्यात ‘@’ म्हणजे पासवर्ड संपला आणि कॅमेऱ्याचा पत्ता सुरू झाला. मग कॅमेरा सापडत नाही आणि दोष वायरीला दिला जातो. पत्त्यात त्या जागी ‘%’ आणि पुढे ४० लिहायचं, की चालतं. दुसरं म्हणजे, वायफायवरच्या कॅमेऱ्याचं चित्र मध्येच करडं किंवा हिरवं फराटल्यासारखं होत असेल, तर आरटीएसपी यूडीपीऐवजी टीसीपीवर घ्या. हे दोन्ही नेटवर्कवरून माहिती पाठवायचे प्रकार आहेत. वाटेत हरवलेले तुकडे टीसीपी पुन्हा मागवून घेतं.

आता हे चित्र क्लाउडपर्यंत न्यायचं कसं? राउटरमध्ये पोर्ट उघडून बाहेरून कॅमेरा खेचायचा, ही जुनी सवय आहे आणि ती मला मुळीच मान्य नाही. एक तर आपल्याकडे बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळतच नाही, एकाच आयपीमागे अनेक घरं असतात. आणि पोर्ट उघडा ठेवल्यावर काय होतं ते २०१६ साली जगाने पाहिलं. मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर लाखोंनी ताब्यात घेतले. त्यांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या, साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला केला, तेव्हा ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या साइट अनेक तास अडखळत होत्या. आपल्या दुकानातला कॅमेरा त्या फौजेत असू शकतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, कॅमेऱ्याला इंटरनेट देऊच नका. कॅमेरे आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये एक छोटा संगणक ठेवा, रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाएवढा पुरतो. तो आतून कॅमेऱ्याकडून आरटीएसपी घेतो आणि स्वतःहून बाहेर, बँकेच्या साइटला जोडतो तशी ४४३ पोर्टवर सुरक्षित जोडणी करून, चित्रण वर चढवतो. बाहेरून आत यायला दार नाही, आतून बाहेर जाणारी एकच वाट. यासाठी एफएफएमपेग नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. चित्र पुन्हा घडवायचं नाही, आहे तसं कापून पुढे द्यायचं, त्यामुळे एवढासा संगणकही चार-पाच कॅमेरे सांभाळतो.

पण कापायचं कुठे? माझ्या लेखी सगळ्यात मोठा मुद्दा हा. पतसंस्थेच्या लोकांना तो मी त्यांच्याच खतावणीवरून समजावला. खतावणीच्या प्रत्येक पानावर सुरुवातीला ‘मागील पानावरून’ शिल्लक लिहितात आणि खाली फक्त जमा-नावे. व्हिडिओही तसाच असतो. एक पूर्ण चित्र, त्याला कीफ्रेम म्हणतात, आणि मग काय बदललं तेवढ्याच नोंदी. पान मधूनच फाडलं तर हातात नोंदी येतात, शिल्लक कळत नाही. म्हणून तुकडा कीफ्रेमवरच सुरू व्हायला हवा. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर कीफ्रेमचं अंतर ५० ठेवा, म्हणजे दर दोन सेकंदांनी एक पूर्ण चित्र. जागा वाचवणारे ‘स्मार्ट’ कोडेक, म्हणजे चित्रण दाबून लहान करणाऱ्या पद्धती, हे अंतर स्वतःच लांबवतात, ते बंद करा.

आणि तुकडा लहान ठेवा. पाच-पाच मिनिटांच्या फाइली करून चढवण्याची पद्धत सर्रास दिसते. त्या पतसंस्थेतल्या चोरांना आत शिरल्यापासून डीव्हीआर उपटेपर्यंत चार मिनिटं लागली असती, तर पाच मिनिटांची फाइल पूर्णच झाली नसती. चोराचा चेहरा जिथे सगळ्यात जवळून दिसतो, म्हणजे तो यंत्राशी वाकतो तेव्हा, नेमकं तेच चित्रण यंत्राबरोबर जातं. म्हणून मी दहा सेकंदांचे तुकडे करतो. दिवसाला एका कॅमेऱ्याचे ८,६४० तुकडे होतात. होऊ द्या, मोजायला संगणक आहे.

आता हिशोब. दोन एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला दोन मेगाबिटची स्ट्रीम दिवसाला २१.६ जीबी खाते, महिन्याला साधारण ६५० जीबी. चार कॅमेरे म्हणजे २,६०० जीबी. ‘अनलिमिटेड’ म्हणवणाऱ्या अनेक योजनांत महिन्याला ३,३०० जीबीनंतर वेग उतरतो, हे लक्षात घ्या. आठ कॅमेरे असतील तर एकोणीस-वीस दिवसांतच चित्रण अडकायला लागेल. आम्ही काउंटर आणि मुख्य दार यांची मेनस्ट्रीम, म्हणजे पूर्ण दर्जाचं चित्र पाठवतो आणि बाकीच्यांची अर्ध्या एमबीपीएसची सबस्ट्रीम, म्हणजे हलक्या दर्जाचं चित्र. सबस्ट्रीममध्ये माणूस आला-गेला कळतं, पण चेहरा ओळखू येईलच असं नाही. म्हणून दाराच्या बाबतीत काटकसर करू नका.

हालचाल झाली तरच पाठवा, असा सल्ला तुम्हाला मिळेल, पण त्याने फारसं वाचत नाही. रात्री इन्फ्रारेड दिव्यांच्या उबेला कोळी भिंगासमोर जाळं विणतो, पावसाळ्यात पाखरं जमतात, आणि कॅमेऱ्याला ती सगळी हालचालच वाटते. एका गोदामात रात्रभर चढलेलं चित्रण मी उघडलं, तर त्यात एका कोळ्याच्या पायांशिवाय काही नव्हतं. महिन्यातून एकदा कोरड्या मऊ कापडाने ते जाळं काढा.

घड्याळाकडे मात्र जीव लावून बघा. मी बसवलेल्या एका ठिकाणी पोलिसांनी रात्री दोनच्या सुमाराचं चित्रण मागितलं. आम्ही दोन वाजताचं उघडलं, रस्ता रिकामा. नंतर लक्षात आलं, कॅमेऱ्याची वेळ बीजिंगची होती. चीनची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, त्यामुळे २:१० ची घटना ४:४० च्या शिक्क्याखाली पडून होती. ती चूक माझी होती, आणि त्या कुटुंबाचे दोन दिवस त्यात गेले याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून वेळक्षेत्र आणि एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची सोय) हे दोन्ही मी आधी लावतो आणि मगच शिडीवरून उतरतो.

वेळेची किंमत कळायला आपल्या जालन्याचंच उदाहरण पुरे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथल्या एका उमेदवाराचा अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला का, हा वाद निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणावर येऊन ठेपला. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. चित्रणाची प्रत सादर करायची तर ती कोणत्या यंत्रातून, कशी काढली ते सांगणारं कायद्यातलं प्रमाणपत्र लागतंच, असं न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितलं. प्रमाणपत्र दुसऱ्याच्या हाती असेल आणि ते मिळवण्यासाठी शक्य ते सगळं करूनही मिळालं नाही, तेवढ्यापुरती मोकळीक दिली. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसारच्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्यही लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. एक बिट बदललं तरी ठसा बदलतो. आमचा छोटा संगणक प्रत्येक तुकड्याचा ठसा तयार होतानाच काढून वेगळा नोंदवतो.

राहिला किल्ल्यांचा प्रश्न. त्या संगणकाकडे क्लाउडची जी किल्ली असते तिला फक्त टाकण्याचा अधिकार द्या, पुसण्याचा नाही. यंत्र चोराच्या हाती लागलं तरी वर गेलेल्याला त्याला हात लावता येता कामा नये. तीस दिवस कुलूप, मग आपोआप पुसणं. साठवण मुंबई किंवा पुण्यातल्या डेटा सेंटरमध्ये निवडता येते, ती तिथेच निवडा. आणि कॅमेरे, त्यांच्या वायरी एकत्र जोडणारा स्विच, राउटर, फायबरचा डबा व हा संगणक या सगळ्यांना यूपीएस द्या, कारण चोर आधी लाइटच घालवतो.

पतसंस्थेत दर शनिवारी लिपिक ताई मागच्या आठवड्यातली कोणतीही एक वेळ निवडतात, क्लाउडवरून ते मिनिट उतरवतात आणि मॅनेजरांना दाखवून वहीत सही घेतात. पावसाळ्यात एका शनिवारी मिनिट सापडलं नाही. गुरुवारपासून काहीच चढलेलं नव्हतं. विजेच्या झटक्याने स्विच गेला होता.

आता दाराकडे बघा. कॅमेऱ्याचं चित्र या टेबलाखालच्या संगणकात येतंय. सभागृहाच्या घड्याळात सहा बावन्न होताहेत. मी संगणकाची पिन काढतो आणि तो पिशवीत टाकतो. समजा, चोर गेला. आता हा मोबाइल पडद्याला जोडला. शेवटचा तुकडा सहा एक्कावन्न आणि पन्नास सेकंदांचा आहे. शेवटच्या रांगेतले काका उशिरा आत येताना त्यात दिसताहेत, हातात ओली छत्री. या काका, पुढे खुर्ची रिकामी आहे.