हाफ टाइमचा 'पाय'

शनिवारची दुपार. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यातलं नेल्सवर्थ, वस्ती जेमतेम सहा हजार. टेकडीच्या चढावर हिरवे मफलर गुंडाळलेली माणसं धापा टाकत निघालीयत. वर आहे 'द न्यू लॉन', म्हणजे १८८९ पासून खेळत आलेल्या फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स या फुटबॉल क्लबचं मैदान.

हाफ टाइम झाला. खिडकीपाशी रांग लागली. प्रत्येकाच्या हातात वाफाळता 'पाय'. आपला पाय नव्हे हो, पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला. इंग्लंडमध्ये मॅच म्हटली की मांसाचा पाय आलाच. इथल्या पायात मात्र मांसाचा तुकडा सापडायचा नाही. चहातसुद्धा गाईचं दूध नाही.

२०१० साली क्लब पैशांच्या गाळात रुतला होता. तेव्हा वाऱ्यावर वीज करून विकणारे उद्योजक डेल व्हिन्स पुढे आले. दुसऱ्याच वर्षी लाल मांस बंद झालं आणि २०१५ पासून सगळा मेन्यूच व्हीगन, म्हणजे मांस, अंडी, दूध काहीच नाही. गाईगुरांच्या या मुलखात चेष्टा व्हायची ती झालीच. पण संघ आपला, मग पाय कसाही असो, माणसं टेकडी चढत राहिली. 'मांस सोडा, पृथ्वी वाचवा' अशा व्याख्यानाला यातले किती आले असते?

मैदानात कीटकनाशकाचा थेंब पडत नाही. गवताखाली झिरपलेलं पाणी साठवून पुन्हा गवतालाच देतात. गवत कापायला एक यंत्र जीपीएसच्या भरवशावर एकटंच फिरतं. छपरावर सौर पॅनल. जर्सी एकदा बांबूची, एकदा कॉफीच्या चोथ्याची.

२०१७ मध्ये संघ इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. एवढ्या छोट्या गावाचा संघ तिथे आधी कधी गेला नव्हता. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्याला 'कार्बन न्यूट्रल', म्हणजे जेवढा कार्बन सोडतो तेवढा भरून काढणारा, ठरवलं.

एक गोम आहेच. गावाला रेल्वे स्टेशन नाही. फुटबॉलचा बराचसा धूर निघतो प्रेक्षकांच्या प्रवासातून, आणि तो काही पायाने आवरत नाही. मैदानाशेजारी इलेक्ट्रिक गाड्यांसाठी चार्जिंगची सोय केलीय, तरी पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येतोच.

२०२२ मध्ये संघ लीग टूचा, म्हणजे लीगच्या सगळ्यात खालच्या पायरीचा, विजेता होऊन एक पायरी वर चढला. मग २०२३ आणि २०२४, लागोपाठ दोनदा घसरून थेट लीगबाहेर. खिडकीवरचा मेन्यू तोच राहिला. आणि रांगेत? हवामान बदलाचा विषय कोणी काढत नाही. सगळे रेफरीच्या नावानं खडे फोडतायत.