तुमच्या काजूकतलीतला देश: गिनी-बिसाऊ

ही बघा, सालासकट वाळवलेली काजूबी. आपल्याकडच्या काजू कारखान्यांत अशी पोती उतरतात, ती सगळी कोकणातल्या डोंगरावरची असतात असं समजू नका. पुष्कळ माल आफ्रिकेतून बोटीनं येतो, आणि त्यातला काही गिनी-बिसाऊमधला असतो.

नावात घोळ नको. नुसता 'गिनी' हा शेजारचा वेगळा देश. आपला गिनी-बिसाऊ तो सेनेगलच्या खाली, अटलांटिकला चिकटलेला. केरळाहून जरा लहान, माणसं साधारण वीस लाख. आणि सपाट इतका, की भरतीचं पाणी नद्यांतून पार आतपर्यंत घुसतं.

आता अशा खाऱ्या चिखलात भात कसा पिकवायचा? हे तिथल्या बलांता लोकांना विचारा. लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं खारफुटीच्या कडेला मातीचे बांध घालायचे. बांधात पोकळ केलेला झाडाचा बुंधा पुरायचा, म्हणजे आतलं जादा पाणी बाहेर सोडता येतं. पावसानं आधी मातीतलं मीठ धुऊन काढायचं, मग लावणी. या शेताला तिथे 'बोलान्या' म्हणतात. पेण-अलिबागकडच्या मंडळींना हे सांगायलाच नको. खारं पाणी अडवणारी तुमची खारबंदिस्ती आणि तिची उघाडी, म्हणजे बांधातली पाणी सोडायची झडप, दुसरं काय करते? गोव्यात तर तशीच झडप, 'मानस', आहेच.

गोव्याशी दुसरंही नातं आहे. मालक एकच होता, पोर्तुगीज. मूळ ब्राझीलचा काजू दोन्हीकडे त्यांनीच नेला. गोवा 1961 मध्ये सुटला. इथे मात्र 1963 पासून सशस्त्र लढा चालला. त्याचा नेता अमिल्कार काब्राल हा चक्क शेतीतज्ज्ञ, ज्यानं 1953 मध्ये देशभर फिरून शेतीची पाहणी केली होती. जानेवारी 1973 मध्ये त्याचा खून झाला. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला स्वातंत्र्य जाहीर झालं, ते बघायला तो नव्हता.

आज देशाच्या निर्यातीतला बहुतेक सगळा पैसा एकट्या काजूचा. मला इथेच धाकधूक वाटते. बांध राखायला दरवर्षी गावभर हात लागतात, काजूला तेवढे लागत नाहीत. मग भाताचे बांध ढिले पडतात आणि घरात तांदूळ येतो तो बाहेरून. कित्येक ठिकाणी शेतकरी काजूची पोती देऊन थेट तांदळाचीच पोती घेतो. जागतिक भाव पडला, की त्याच्या ताटातला भात कमी होतो.

किनाऱ्यासमोर बिजागोश बेटं आहेत, 88. त्यातल्या मोजक्याच बेटांवर कायमची वस्ती. ओरांगो बेटावर पाणघोडे खाऱ्या पाण्यात डुंबतात! पोइलाव नावाचं एवढंसं बेट बिजागो लोक पवित्र मानतात, तिथे कुणी राहत नाही. आपण देवराईत कुऱ्हाड नेत नाही ना, तसंच. म्हणून हजारो हिरवी समुद्री कासवं तिथे निर्धास्त अंडी घालतात. 2025 मध्ये या बेटांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. राखण मात्र त्याआधी कितीतरी पिढ्या चालू होती.

आणि बोंडूचं, म्हणजे बीवरच्या रसाळ फळाचं, काय होतं? एप्रिल-मे मध्ये बागेत बाया बसून बोंडू पिळतात, रस आंबवून दारू करतात आणि स्वतःच विकतात. बी व्यापाऱ्याच्या गोदामात जाते. रसाचे पैसे मात्र पदराच्या गाठीला.