हिऱ्याआधीचे कागद

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'बोत्स्वाना: स्वातंत्र्यापासून आजच्या मंदीपर्यंत'. मंदीपर्यंत जायचंच आहे. पण त्याआधी एक वाक्य खोडायचंय. आफ्रिकेवरची कुठलीही चर्चा ऐका, कुणीतरी म्हणतंच, "बोत्स्वानाचं काय सांगता, त्यांना हिरे सापडले." हिरे सिएरा लिओनलाही सापडले, काँगोला सापडले, अंगोलाला सापडले. तिथे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. मग फरक कुठे पडला? माझं म्हणणं असं, की फरक पडला तो हिऱ्यांची कमाई हातात येण्याआधी लिहिलेल्या कागदांमुळे.

३० सप्टेंबर १९६६ला बेचुआनालँडचं बोत्स्वाना झालं, तेव्हाची अवस्था बघा. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट आणि माणसं सहा लाखांच्या आतबाहेर. डांबरी रस्ता अवघा १२ किलोमीटर, विद्यापीठाचे पदवीधर २२. इंग्रजांनी या मुलखाचा कारभार चालवला तो माफेकिंगमधून, आणि माफेकिंग आहे दक्षिण आफ्रिकेत. म्हणजे राजधानीच देशाबाहेर! गाबोरोने हे शहर स्वातंत्र्याच्या तोंडावर घाईघाईने बांधलं. वर भीषण दुष्काळ. सरकारचा रोजचा खर्चसुद्धा पहिली काही वर्षं ब्रिटनच्या अनुदानावर भागत होता.

आता पहिला कागद. १९१०च्या जकात संघाच्या करारात दक्षिण आफ्रिका आणि शेजारचे तीन ब्रिटिश मुलूख एकत्र बांधलेले होते. जमलेल्या जकातीतला बेचुआनालँडचा वाटा ठरला ०.२७६२२ टक्के. शंभर रुपये जमले तर २८ पैसेही नाहीत! १९६९ साली नव्या सरकारांनी हा करार पुन्हा लिहून घेतला. वाटा त्या त्या देशाच्या प्रत्यक्ष आयातीशी आणि उत्पादनाशी जोडला, आणि आलेल्या आकड्याला १.४२ने गुणायचं ठरलं. ही ४२ टक्क्यांची वाढ कशाबद्दल? जकातीचे दर प्रिटोरिया ठरवणार आणि कारखानेही तिकडेच उभे राहणार, त्या नुकसानीची ती भरपाई. वर्णद्वेषी सरकारसमोर बसून, चहूबाजूंनी वेढलेल्या देशाने हे मिळवलं. ओरापाची, म्हणजे हिऱ्याची पहिली मोठी खाण सुरू व्हायला तेव्हा अजून अवकाश होता.

दुसरा कागद १९६७चा, खनिज कायदा. तोवर जमिनीखालच्या खनिजावरचा हक्क टोळ्यांकडे होता. या कायद्याने तो राज्याकडे आला. राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा हे बामांग्वाटो या त्वाना टोळीच्या राजघराण्यातले, गादीचे वारस. रूथ विल्यम्स या इंग्रज तरुणीशी लग्न केलं म्हणून ब्रिटिशांनी त्यांना वर्षानुवर्षं मायदेशी येऊ दिलं नव्हतं. आणि ओरापा होतं नेमकं बामांग्वाटोंच्या मुलखात! त्यांच्याच माणसांनी हक्क सोडला. म्हणून नंतर 'आमच्या जिल्ह्यातला हिरा आमचा' हे भांडण तिथे पेटलं नाही. त्वाना लोकांत एक म्हण आहे, 'खोसी के खोसी का मोराफे', राजा राजा असतो तो लोकांमुळे. खोतलात, म्हणजे त्यांच्या चावडीवर, प्रमुखालाही सगळ्यांचं ऐकून घ्यावं लागतं. त्या सवयीचा इथे उपयोग झाला असं मी मानतो.

आता वाळवीबद्दल, म्हणजे हे हिरे सापडले कसे त्याबद्दल. यावर वेळ जाणार आहे, पण हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

१९५०च्या दशकात मोत्लाउत्से नदीच्या वाळूत थोडे बारीक हिरे मिळाले. नियम सोपा: नदीत हिरा दिसला की उगमाकडे चालत जा. तसे गेले, आणि उगमाशी काहीच नाही. पुष्कळांनी तिथेच नाद सोडला असता. डी बिअर्स या बड्या हिरे कंपनीचे भूगर्भशास्त्रज्ञ गॅव्हिन लॅमाँट यांनी वेगळा विचार केला. मधला भूभाग पुरातन काळात वर उचलला गेला असेल, तर नदीचं डोकं तिथेच कापलं गेलं असणार. म्हणजे खरा उगम त्या उंचवट्याच्या पलीकडे, पश्चिमेला. पथक पश्चिमेला सरकलं आणि १९६७च्या एप्रिलमध्ये ओरापाचा किंबरलाइट, म्हणजे हिरे खोलातून वर आणणारा ज्वालामुखी खडक हाती आला, पृष्ठभागावर ११८ हेक्टरांचा!

दुसरी अडचण याहून मोठी. दक्षिणेकडे कालाहारीच्या वाळूचा जाड थर आहे, खडक दिसतच नाही. तिथे शोधायचं काय? हिरा नव्हे, हिऱ्याचे सोबती शोधायचे. किंबरलाइटमध्ये हिरा असतो टनामागे एखाद-दोन कॅरट, आणि एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. पण त्याच खडकात जांभळट लाल गार्नेट आणि काळं इल्मेनाइट ही खनिजं मुबलक असतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे तेच इल्मेनाइट, पण किंबरलाइटमधल्यात मॅग्नेशियम जास्त असतं आणि त्यावरून ते ओळखू येतं. ठरावीक अंतरावर आखणी करून वाळू उचलायची, चाळायची, जड कण वेगळे करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण बघायचा. गार्नेटवर मुळात एक काळपट साल असते. वाहत, घासत आलेल्या कणावरची ती साल निघून जाते. साल शाबूत असेल तर समजायचं, घर जवळ आहे.

पण चाळीस-पन्नास मीटर वाळूखालचा कण वर येणार कसा? वाळवी आणते. वाळवंटातल्या वाळवीला ओलावा लागतो. त्यासाठी ती खोल उतरते आणि वर येताना मातीचे कण घेऊन येते. हजारो वर्षं हे चाललेलं. तिच्या तोंडात मावेल एवढाच कण वर येतो, म्हणून मोठे दाणे दिसले नाहीत तरी निराश व्हायचं नसतं. अशा मूठभर कणांच्या मागावर जाऊन १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ज्वानेंगचा साठा सापडला. १९८२मध्ये तिथली खाण सुरू झाली आणि किमतीच्या हिशेबाने ती जगातली सगळ्यात श्रीमंत हिऱ्याची खाण मानली जाते. आपण वाळवी दिसली की रॉकेल ओततो!

एक आक्षेप रास्त आहे, तो झाकणार नाही. सिएरा लिओनमधला हिरा नदीच्या गाळात विखुरलेला. फावडं आणि चाळणी घेऊन कुणीही उतरावं, बंदूकवाल्याने त्यावर कब्जा करावा. बोत्स्वानातला हिरा खोल किंबरलाइटच्या नळीत, त्याला यंत्रं लागतात, भांडवल लागतं, आणि भोवती कुंपण घालता येतं. हा फायदा निसर्गाचाच. पण कुंपणाच्या आतला पैसा कुणाचा, हे निसर्ग ठरवत नाही. ओरापा १९७१ला सुरू झाली तेव्हा सरकारचा हिस्सा होता १५ टक्के, बाकी डी बिअर्सचा. खाण किती कमावते हे दिसल्यावर सरकारने करार पुन्हा उघडला आणि १९७५मध्ये निम्मी मालकी घेतली. राष्ट्रीयीकरण केलं नाही. खाण चालवायचं आणि माल विकायचं कसब समोरच्याकडे आहे, हे ओळखून थांबले. कर, रॉयल्टी आणि लाभांश धरले तर नफ्यातले सुमारे ८० टक्के सरकारकडे येऊ लागले.

चलनाचंही सांगतो. १९७६च्या ऑगस्टपर्यंत तिथे दक्षिण आफ्रिकेचा रँड चालत होता. मग स्वतःचं चलन आलं, नाव 'पुला'. पुला म्हणजे पाऊस. मराठवाड्यातून आलेल्यांना हे नाव का दिलं ते समजावून सांगायला नको.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरलीत. आजच्या मंदीबद्दल आता भराभर सांगतो.

हिऱ्याचा पैसा खर्चायचा कसा, याचा त्यांचा ठोकताळा होता. आरोग्य आणि शिक्षण वगळून सरकारचा जो चालू खर्च उरतो, त्याला खनिजेतर उत्पन्नाने भागायचं. उत्तर एकच्या आत असेल तर ठीक. एकच्या वर गेलं तर समजायचं, जमिनीतलं भांडवल आपण पगारात खातोय. हिऱ्याच्या पैशातून शाळा, दवाखाने, रस्ते करायचे आणि उरलेला परदेशी गुंतवायचा, त्यासाठी १९९४पासून पुला फंड आहे. एड्सच्या साथीत २००२ साली सरकारी खर्चाने औषधोपचार सुरू करता आले ते या शिस्तीच्या जोरावर.

चुकलं कुठे? खाण पैसा देते, नोकऱ्या फार देत नाही. गोमांसाची निर्यात युरोपच्या सवलतींवर आणि लाळ्या-खुरकत रोखणाऱ्या कुंपणांवर टिकलेली, आणि त्या कुंपणांनी वन्य प्राण्यांच्या पाण्याच्या वाटा तोडल्या. सेलेबी-फिक्वेची तांबे-निकेलची खाण २०१६ला बंद पडली आणि एक अख्खं गाव बसलं. कालाहारीतल्या सान या मूळच्या शिकारी लोकांना अभयारण्यातून बाहेर काढलं. २००६मध्ये तिथल्याच उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. बोत्स्वानाचं कौतुक करणाऱ्यांनी हे गाळू नये, मीही गाळणार नाही.

आणि निर्यातीचा मोठा भाग शेवटपर्यंत हिऱ्याचाच राहिला. २००९च्या सुरुवातीला जागतिक मंदीत खाणी काही काळ थांबवाव्या लागल्या, तो इशारा होता. आता तर प्रयोगशाळेत केलेला हिरा आलाय. तो सुरतेत होतो, तिथेच पैलू पाडला जातो, आणि आपल्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या बाजाराशी जोडलेले व्यापारी तो विकतात. रसायन तेच, किंमत कितीतरी कमी. कच्च्या हिऱ्याची मागणी घसरली, खाणींनी उत्पादन कापलं, २०२४ला अर्थव्यवस्था आकसली. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरच्या निवडणुकीत, स्वातंत्र्यापासून ५८ वर्षं सत्तेत असलेला पक्ष हरला. ६१ जागांपैकी त्याला चारच मिळाल्या. दोन दिवसांत सत्तांतर झालं, गोळी न झाडता, आणि ड्यूमा बोको राष्ट्राध्यक्ष झाले.

२०२५च्या फेब्रुवारीत डी बिअर्सबरोबर नवा करार झाला. संयुक्त खाणींच्या मालातला ३० टक्के आता सरकारी कंपनी स्वतः विकणार, पुढे हा वाटा टप्प्याटप्प्याने वाढणार. पन्नास वर्षांपूर्वी याच वाटाघाटीत त्यांनी खाणीचा अर्धा हिस्सा मिळवला, तेव्हा हिऱ्याची किंमत चढत होती. या वेळी माल हातात येतोय आणि गिऱ्हाईक सुरतेच्या यंत्रातला खडा बोटात घालून बघतंय. यावर प्रश्न असतील तर घेऊ या, दोन मिनिटं आहेत.